पुरोहितावाचून सात पिढ्या
जपानातील गुप्त ख्रिस्ती समाजाची कथा

राज्ये लयास जातात, राजधान्या बदलतात, व्यापार एका बंदरातून उठून दुसऱ्या बंदरात जातो. परंतु माणसाच्या अंतःकरणात एकदा रुजलेली श्रद्धा किती काळ टिकते आणि कशाच्या आधारावर टिकते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकापुढे वारंवार उभा राहतो. देवालय, ग्रंथ आणि पुरोहित हे धर्माचे तीन मुख्य आधार असे आपण सामान्यतः मानतो. हे तिन्ही आधार एखाद्या समाजाकडून हिरावून घेतले आणि सुमारे सव्वादोनशे वर्षे ते त्याला परत लाभू दिले नाहीत, तर त्या समाजाचा धर्म उरेल काय? जपानात नागासाकीच्या परिसरातील गरीब ख्रिस्ती शेतकऱ्यांनी व कोळ्यांनी या प्रश्नाचे उत्तर आपल्या आयुष्याने दिले आहे. या कथेचा आरंभ गोव्यात झालेला असल्यामुळे ती आपणांस सर्वस्वी परकी नाही.

अंजिरो नावाचा एक जपानी गृहस्थ हातून मनुष्यवध घडल्यामुळे कागोशिमा येथून पळाला आणि मलाक्का येथे इ. स. १५४७ मध्ये फ्रान्सिस झेवियरला भेटला. गोव्याचे ख्रिस्ती बांधव ज्याला प्रेमादराने ‘गोंयचो सायब’ म्हणतात, तोच हा झेवियर. अंजिरोला गोव्यास आणण्यात आले. येथील सेंट पॉल विद्यालयात त्याचे शिक्षण झाले आणि मे १५४८ मध्ये त्याला बाप्तिस्मा मिळाला. पुढील वर्षी एप्रिलात त्याला बरोबर घेऊन झेवियर गोव्याहून निघाला व १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमास उतरला. तेथे पहिलाच पेच पडला तो शब्दाचा. ईश्वराला जपानी भाषेत काय म्हणावे? अंजिरोने ‘दाइनिची’ हा शब्द सुचविला. परंतु दाइनिची म्हणजे बौद्धांचा महावैरोचन. ऐकणाऱ्यांना हा नवा उपदेश बौद्ध धर्माचाच एक पंथ वाटू लागला, तेव्हा झेवियरने तो शब्द टाकला आणि ‘देउस’ हा परका शब्दच कायम केला. गोव्यातील ख्रिस्ती माणूस कोकणीत आजही ‘देव’ म्हणतो. जपानी शेतकऱ्याच्या ओठांवर मात्र ‘देउस’ बसला, आणि तो पुढे तीन शतके पुसला गेला नाही.

आरंभीची वाढ झपाट्याची होती. इ. स. १५६३ मध्ये ओमुरा सुमितादा या सरदाराने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १५७१ मध्ये नागासाकीचे बंदर पोर्तुगीज व्यापाराला खुले झाले. सतराव्या शतकाच्या प्रारंभी जपानात सुमारे तीन लक्ष ख्रिस्ती होते असा अंदाज केला जातो. ही सारी वाढ केवळ उपदेशाने झाली असे म्हणणे सत्याला सोडून होईल. रेशीम आणि बंदुका घेऊन येणारे गलबत आपल्याच बंदरात लागावे, हा काही सरदारांचा हेतू होता. सुमितादाच्या मुलखात १५७४ च्या सुमारास बौद्ध मठ व शिंतो देवस्थाने उद्ध्वस्त झाली आणि प्रजेला सरसकट धर्मांतर करावे लागले. सत्तेच्या बळावर आलेला धर्म सत्ता फिरताच जाईल, असे त्या वेळी कोणासही वाटले असते.

आणि सत्ता फिरली. १५८७ मध्ये हिदेयोशीने पाद्र्यांना देश सोडण्याची आज्ञा केली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढविण्यात आले. त्यांत आपल्या वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया होता. व्यापारानिमित्त त्या बाजूस गेलेला हा वसईकर फ्रान्सिस्कन पंथाचा बंधू झाला होता आणि जपानी उत्तम येत असल्यामुळे पाद्र्यांचा दुभाषा म्हणून काम करीत होता. १६१४ मध्ये तोकुगावा राज्यकर्त्यांनी साऱ्या देशात ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. १६३७–३८ मध्ये करांच्या व छळाच्या ओझ्याखाली पिचलेल्या शिमाबारा व आमाकुसा येथील शेतकऱ्यांनी बंड केले, त्याचा शेवट हारा किल्ल्यातील भीषण कत्तलीत झाला. १६३९ मध्ये पोर्तुगीज गलबतांना बंदी झाली, आणि १६४४ मध्ये जपानात उरलेला अखेरचा पाद्री मारला गेला.

यानंतर शोधाचे जाळे घराघरापर्यंत पोचले. प्रत्येक कुटुंबाला एखाद्या बौद्ध मठात नाव नोंदवावे लागे व अंत्यविधीही त्याच मठाकडून करवून घ्यावा लागे. पाच-पाच घरांचे गट करून एकाच्या अपराधाबद्दल पाचांनाही जबाबदार धरीत. खबर देणाऱ्याला रौप्यमुद्रांचे बक्षीस असे. नागासाकीच्या मुलखात तर दर वर्षी लोकांना ख्रिस्ताच्या किंवा मारियेच्या प्रतिमेवर पाय ठेवून चालावे लागे. या विधीला ‘फुमिए’ म्हणत. पाय ठेवला तर धर्मद्रोह, न ठेवला तर कुटुंबासह नाश, अशी ती परीक्षा होती.

हे वाचताना गोमंतकीय वाचकाच्या मनात आपल्याच घराण्याच्या कथा जाग्या झाल्यावाचून राहणार नाहीत. १५४० मध्ये तिसवाडीतील देवळे पाडली गेली. १५६० नंतरच्या दशकात बार्देश व सासष्टीवर तीच पाळी आली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली, ती याच काळात. गोव्यात इन्क्विझिशन स्थापावे अशी विनंती झेवियरनेच १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्राने केली होती. ते १५६० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रत्यक्षात आले आणि मधला अल्प काळ वगळता १८१२ पर्यंत चालले. म्हणजे एकाच धर्माच्या नावाने गोव्यात छळ चालू होता आणि जपानात त्याच धर्माचे अनुयायी छळ सोशीत होते. एका ठिकाणच्या अन्यायाने दुसऱ्या ठिकाणचा अन्याय फिटत नाही. उलट, ज्यांच्या पूर्वजांनी रातोरात देव उचलून जुवारी ओलांडली, त्यांना नागासाकीच्या शेतकऱ्याचे दुःख इतरांपेक्षा लवकर कळावे. फरक इतकाच की, आपल्या पूर्वजांना नदीपलीकडे आदिलशाहीतील अंत्रुज महाल होता. जपानी ख्रिस्ती माणसाला ओलांडायला नदी नव्हती. त्याला आपले अंत्रुज घराच्या आतल्या कोठीतच निर्माण करावे लागले.

ते त्याने कसे केले, हे पाहण्यासारखे आहे. कॅथलिक पंथातील बहुतेक संस्कार पाद्र्यावाचून होऊ शकत नाहीत. परंतु बाप्तिस्मा मात्र आणीबाणीच्या प्रसंगी कोणीही योग्य शब्द उच्चारून पाण्याने देऊ शकतो. या एका सवलतीवर साऱ्या समाजाची उभारणी झाली. उराकामी, सोतोमे आदी गावांतून तीन प्रकारचे गावकारभारी असत. ‘चोकाता’ धार्मिक पंचांग सांभाळी, ‘मिझुकाता’ बाप्तिस्मा देई आणि ‘किकिकाता’ घरोघर निरोप पोचवी. आपल्याकडे गावचा जोशी एकादशी कधी व संक्रांत कधी हे सांगतो, तद्वत चोकाता १६३४ सालच्या मूळ पंचांगावरून येशूचा जन्मदिन कधी, उपवासाचा काळ कधी, कोणत्या दिवशी सुई हातात धरू नये, हे गणून सांगे. प्रार्थनांना ते ‘ओराशो’ म्हणत. लॅटिन ‘ओरात्सियो’ या शब्दाचा तो अपभ्रंश. बापाने मुलाला त्या कुजबुजत्या आवाजात पाठ करून द्याव्या, असा क्रम चाले. लॅटिन पदांचा अर्थ हरपला, उच्चार झिजले, तरी पाठांतर खंडले नाही. अर्थ न कळताही आजीच्या तोंडून ऐकलेले स्तोत्र शुद्धभावाने म्हणणाऱ्या आपल्या समाजाला यात नवल वाटण्याचे कारण नाही.

मूर्ती ठेवणे म्हणजे मरणाला आमंत्रण. म्हणून चिनी मातीची, अंगावर मूल घेतलेली शुभ्र कान्नोनची मूर्ती त्यांनी मारिया म्हणून पुजली. कान्नोन म्हणजे आपल्या भारतातूनच तिकडे गेलेला करुणामय बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. चीन-जपानात त्याला स्त्रीरूप प्राप्त झाले होते. मठातील भिक्षू मृताजवळ सूत्रपाठ करीत असता शेजारच्या खोलीत त्या पाठाचा प्रभाव निवारण्यासाठी ओराशो पुटपुटले जात. आणि फुमिएवर पाय ठेवून घरी परतलेला माणूस पश्चात्तापाची प्रार्थना म्हणे. १६०३ मध्ये जपानीत छापलेल्या एका पुस्तिकेत, पाद्री न मिळाल्यास मनःपूर्वक अनुतापाने क्षमा लाभते असे सांगितले होते. तिच्या हस्तलिखित प्रती गुप्तपणे फिरत राहिल्या. वर्षातून एकदा प्रतिमा तुडवायची आणि वर्षभर तिची क्षमा मागायची, असे जीवन पिढ्यान्‌पिढ्या चालले. सात पिढ्यांनंतर काळ्या गलबतांतून पाद्री परत येतील, अशी भविष्यवाणी बास्तियन नावाच्या जपानी धर्मोपदेशकाने केली होती, अशी त्यांची परंपरागत समजूत होती. त्या आशेवर ते दिवस मोजीत होते.

एकोणिसाव्या शतकात परकी राष्ट्रांच्या दबावामुळे जपानची द्वारे उघडली. परदेशी रहिवाशांसाठी नागासाकीत ओउरा येथे देऊळ बांधले गेले. १७ मार्च १८६५ रोजी उराकामीहून दहापंधरा माणसे तेथे आली. त्यांतील एका स्त्रीने पेतिजाँ या फ्रेंच पाद्र्याला हळूच सांगितले की, आमचे व आपले हृदय एकच आहे. आणि मारियेची मूर्ती कोठे आहे, असे विचारले. काळ उपवासाचा होता, आणि त्या लोकांच्या पंचांगातही तो उपवासाचाच होता. सव्वादोनशे वर्षांच्या गणनेचा मेळ बसला!

परंतु हे कथानक येथे सुखान्त होत नाही. आपण ख्रिस्ती असल्याचे उराकामीकर उघडपणे सांगू लागताच पुन्हा छळ सुरू झाला. १८६८ नंतर नव्या मेइजी सरकारने सुमारे ३,४०० उराकामीकरांना देशभर हद्दपार केले. त्यांतील सहाशेंहून अधिक मृत्युमुखी पडले. पाश्चात्त्य राष्ट्रांच्या निषेधानंतर १८७३ मध्ये बंदीचे फलक उतरले आणि वाचलेले लोक घरी परतले. ज्या गावमुखत्याराच्या वाड्यात त्यांना प्रतिमा तुडवावी लागे, तीच जागा विकत घेऊन त्यांनी तेथे मोठे देऊळ उभारले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब त्या देवळापासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर फुटला. उराकामीच्या सुमारे बारा हजार ख्रिस्ती लोकांपैकी साडेआठ हजारांच्या आसपास प्राणास मुकले. ढिगाऱ्यातून निघालेली एक घंटा त्याच वर्षीच्या नाताळच्या आदल्या रात्री वाजली. देऊळ १९५९ मध्ये पुन्हा उभे राहिले.

या कथेचा सर्वांत विचारप्रवर्तक भाग मात्र निराळाच आहे. पाद्री परत आले, तरी सगळेच गुप्त ख्रिस्ती त्यांच्याकडे गेले नाहीत. इकित्सुकी बेटावरील व अन्यत्रच्या अनेक कुटुंबांनी आपली कोठीतील दैवते, आपले झिजलेले ओराशो आणि मठाशी जडलेले नाते सोडण्यास नकार दिला. नव्या पाद्र्यांच्या दृष्टीने तो धर्म अशुद्ध होता. त्यांच्या दृष्टीने तो प्राण पणाला लावून पूर्वजांनी राखलेला ठेवा होता. २०१८ मध्ये युनेस्कोने या परिसरातील बारा स्थळांना जागतिक वारशाचा मान दिला. पण तोवर तरुण पिढी शहरांकडे गेल्याने ओराशो म्हणणारे मोजकेच वृद्ध उरले होते. ज्या परंपरेला तलवार संपवू शकली नाही, ती निर्वेध स्वातंत्र्याच्या काळात क्षीण होत चालली आहे.

मग या बदलत्या जगात स्थिर असे काय राहिले? शब्द झिजले, मूर्तीचे रूप पालटले, विधी अर्धेमुर्धे उरले. जे टिकले ते हे की, दर वर्षी कोणीतरी पंचांग गणले, कोणीतरी नवजात अर्भकाच्या मस्तकावर पाणी घातले, आणि कोणीतरी मुलाला जवळ बसवून पाठ म्हणवून घेतला. श्रद्धेचे स्थैर्य दगडाच्या स्थैर्यासारखे नसून ते वाहत्या ओढ्यासारखे असते. प्रत्येक पिढीने आपल्या ओंजळीने त्यात भर घातली तरच तो वाहतो. देवळांची शिखरे सुवर्णाची करणाऱ्या आणि दिंडीपालखीला वैभव आणणाऱ्या आपल्या समाजाने नागासाकीच्या शेतकऱ्याकडून शिकावयाचे असेल तर ते हेच. घरातील मूल आपल्याबरोबर संध्याकाळी देवापुढे बसते की नाही, यावर पुढील सात पिढ्यांचा हिशेब अवलंबून आहे.