गुलाबी रंग बायकी कधी ठरला?

पुरुषाने गुलाबी शर्ट घालावा की नाही, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. परंतु दुकानात गुलाबी शर्ट हातात घेऊन मुकाट्याने परत ठेवणारा गृहस्थ आणि 'हा मुलींचा रंग आहे' म्हणून गुलाबी डबा शाळेत न्यायला नकार देणारा बालवाडीतला मुलगा, या दोघांच्याही मनात एकच संकोच असतो. हा संकोच उपजतच असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. इतिहास मात्र तिला दुजोरा देत नाही.

पांढऱ्या झबल्यापासून गुलाबीपर्यंत

अठराव्या शतकातील युरोपात उमराव घराण्यांतील पुरुष गुलाबी रेशमाचे, भरतकाम केलेले कोट मिरवीत असत. त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. लहान मुलांच्या बाबतीत तर रंगभेदाचा प्रश्नच नव्हता. मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही पांढरे झगे घालण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत रूढ होती, कारण पांढरे कापड उकळून स्वच्छ करता येत असे. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे बालपणीचे, १८८४ मधील एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात ते लांब केस आणि पांढरा झगा अशा वेशात दिसतात.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी बाळांच्या कपड्यांत गुलाबी आणि निळा हे रंग आले, पण कोणता कोणासाठी, याविषयी एकवाक्यता नव्हती. १९१८ मध्ये अमेरिकेतील बालवस्त्रांच्या एका व्यापारी नियतकालिकाने गुलाबी हा अधिक ठसठशीत रंग असल्याने तो मुलांसाठी आणि निळा नाजूक असल्याने तो मुलींसाठी, असा सल्ला दिला होता. १९२७ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने मोठ्या दुकानांची मते छापली, त्यांतही काही दुकाने मुलांना गुलाबी सुचवीत होती, तर काही मुलींना. त्या काळी सर्वत्र आजच्या उलट प्रथा होती, असे मात्र म्हणता येत नाही. मुलींसाठी गुलाबी हाही संकेत तेव्हा प्रचारात होताच. खरे एवढेच, की नियम पक्का झालेला नव्हता.

तो दुसऱ्या महायुद्धानंतर पक्का होत गेला. अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या पत्नी मेमी यांनी १९५३ च्या शपथविधी सोहळ्यात परिधान केलेला गुलाबी पोशाख इतका गाजला, की तो रंग त्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. पुढे १९८० च्या दशकात गर्भाचे लिंग आधीच कळू लागले आणि पाश्चात्त्य बाजारपेठेला नवी संधी मिळाली. थोरल्या मुलीचे गुलाबी सामान धाकट्या मुलाला चालेनासे झाले, की नवी खरेदी आलीच. भारतात १९९४ च्या कायद्याने गर्भलिंगनिदानास बंदी घातली. तरीही खेळण्यांच्या आणि कपड्यांच्या दुकानांतली गुलाबी-निळी विभागणी आपल्याकडेही रुजलीच.

आपल्याकडचा गुलाबी

वास्तविक आपल्या परंपरेत गुलाबी रंग पुरुषांना कधीच वर्ज्य नव्हता. मोगल आणि राजपूत लघुचित्रांतील राजपुरुष गुलाबी जामे ल्यालेले दिसतात. राजस्थानात गुलाबी साफा हे आजही पुरुषाचे भूषण आहे. १८७६ मध्ये ब्रिटिश युवराजाच्या स्वागतासाठी महाराजा सवाई रामसिंह यांनी जयपूर शहर याच रंगात रंगवून घेतले होते.

महाराष्ट्राचा विचार केला, तर गुलालाचे उदाहरण पुरेसे आहे. कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीवर चैत्र यात्रेत जोतिबाच्या नावाने चांगभलं होते, तेव्हा अवघा डोंगर गुलाबी होऊन जातो. सासनकाठी नाचवणारा रांगडा गडी नखशिखांत गुलालाने माखलेला असतो आणि त्यात त्याला धन्यता वाटते. विसर्जन मिरवणूक असो, कुस्तीचा फड असो की निवडणुकीतला विजय, गुलाल अंगावर पडणे हे मानाचेच लक्षण. लग्नातले गुलाबी फेटेही पुरुष हौसेने बांधून घेतात.

गंमत म्हणजे ज्या गडद छटेला आपण 'राणी रंग' म्हणतो, तिचे पाश्चात्त्य नाव 'मॅजेंटा'. ते १८५९ मध्ये इटलीत त्या नावाच्या गावी झालेल्या लढाईवरून पडले. म्हणजे एका भाषेत तो रंग राणीचा, तर दुसरीत रणांगणाचा!

संघाचा गणवेश आणि एकट्याचा शर्ट

क्रीडाक्षेत्रातही या रंगाला प्रतिष्ठा आहे. 'जिरो द इतालिया' या सायकल शर्यतीतील आघाडीवीर १९३१ पासून गुलाबी जर्सी घालतो, कारण शर्यत भरवणारे वृत्तपत्र गुलाबी कागदावर छापले जाई. दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट संघ २०१३ पासून स्तनकर्करोगाविषयीच्या जागृतीसाठी गुलाबी पोशाखात एकदिवसीय सामने खेळू लागला. एबी डिव्हिलियर्सने २०१५ मध्ये ३१ चेंडूंत शतक ठोकले, ते याच पोशाखात. आयपीएलमधील राजस्थानच्या संघाने २०१९ मध्ये गुलाबी गणवेश स्वीकारला. राजकारणात २००१ मध्ये स्थापन झालेल्या तेलंगण राष्ट्र समितीने हा रंग ध्वजावर घेतला, तर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या प्रचारात अजित पवार यांची गुलाबी जाकिटे चर्चेचा विषय झाली. महिला मतदारांना साद घालण्यासाठी ती आहेत, असाच त्यांचा अर्थ लावला गेला.

या उदाहरणांत एक समान धागा आहे. देव, संघ, पक्ष किंवा सोहळा पाठीशी असला, की पुरुषाला गुलाबी रंग खुपत नाही. तोच रंग त्याने स्वतःच्या आवडीने, एकट्याने निवडला, की टोमणे सुरू होतात.

हे टोमणे नेहमीच निरुपद्रवी नसतात. २००७ मध्ये कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात, शाळेत गुलाबी शर्ट घालून आलेल्या नववीतल्या मुलाला इतरांनी धमकावले. तेव्हा वरच्या वर्गातील दोन विद्यार्थ्यांनी पन्नासेक गुलाबी शर्ट आणून वाटले आणि शाळा गुलाबी करून टाकली. त्यातून देशभर 'गुलाबी शर्ट दिवस' पाळला जाऊ लागला. एप्रिल २०२० मध्ये तैवानमधील एक मुलगा गुलाबी मुखपट्टी लावून शाळेत जायला घाबरतो, हे कळल्यावर तिथले आरोग्यमंत्री आणि त्यांचे सहकारी पत्रकार परिषदेत गुलाबी मुखपट्ट्या लावूनच बसले.

मुलीने निळा सदरा घातला, तर तिला कोणी हसत नाही, उलट तिचे कौतुकच होते. मुलाने गुलाबी घातला, तर तो 'बायकी' ठरतो. म्हणजे आक्षेप रंगाला नसून बाईसारखे दिसण्याला आहे, आणि त्यामागे बाईपण हे कमीपणाचे, ही जुनी समजूत आहे. घरात मुलगा नि मुलगी दोघेही वाढत असतील, तर ही समजूत दोघांच्याही कानांवर पडत असते. 'हा मुलींचा रंग' हे वाक्य मुलाला संकोच शिकवते आणि शेजारी बसलेल्या बहिणीला तिची पायरी दाखवते. म्हणून गुलाबी डबा नाकारणाऱ्या मुलाला दुसरा डबा आणून देण्यापूर्वी, मुलींचा असला तर त्यात वाईट काय, एवढे त्याला विचारायला हवे.