हडसन नदीवर सुटलेलं गणित

२ ऑगस्ट १९२७. मंगळवारची सकाळ. न्यू जर्सीहून मॅनहॅटनला निघालेल्या लॅकवाना फेरीच्या डेकवर तुम्ही उभे आहात. शेजारी एकोणतीस वर्षांचा एक इंजिनियर नेहमीप्रमाणे कामाला चालला आहे. नाव हॅरॉल्ड ब्लॅक. नोकरी वेस्ट स्ट्रीटवरच्या बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये. हातात ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा अंक आहे आणि डोक्यात काही वर्षांपासून ठाण मांडून बसलेला प्रश्न: ॲम्प्लिफायरमधली विकृती घालवायची कशी?

त्याची अडचण समजायला लांब पल्ल्याच्या टेलिफोनच्या तारेला कान लावा. तारेतून जाताना आवाज क्षीण होतो, म्हणून ठरावीक अंतरावर ॲम्प्लिफायर बसवलेले असतात. त्यांतले व्हॉल्व्ह आवाज वाढवतात, पण जसाच्या तसा नव्हे. १००० हर्ट्झचा शुद्ध स्वर आत सोडा. बाहेर त्याच्यासोबत २००० आणि ३००० हर्ट्झचे आगंतुक स्वर येतात. एकाच तारेवर अनेक संभाषणं चढवली, की वारंवारता एकमेकींत मिसळून बेरीज-वजाबाकीच्या नव्याच वारंवारता जन्माला येतात आणि एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात खरखर होऊन शिरतं. एकच ॲम्प्लिफायर असता तर निभावलं असतं. पण ओळीने असंख्य लावायचे म्हटले, की मुलांच्या कानगोष्टींच्या खेळासारखं होतं: प्रत्येक जण थोडंसंच चुकतो, आणि शेवटच्या कानात भलतंच वाक्य पोहोचतं.

ब्लॅकने आधी व्हॉल्व्हच सुधारून पाहिले. ते पुरेना. मग मार्च १९२३ मध्ये चार्ल्स स्टाइनमेट्झ यांचं व्याख्यान ऐकल्यावर त्याने प्रश्नाची मांडणीच बदलली. ॲम्प्लिफायर चुकणारच, हे धरून चालू. त्याची चूक तेवढी वेगळी काढू. आउटपुट मूळ सिग्नलइतकं लहान करायचं आणि त्यातून इनपुट वजा करायचं. उरते ती निव्वळ विकृती. दुसऱ्या ॲम्प्लिफायरने ती मोठी करून आउटपुटमधून काढून टाकायची. प्रयोग यशस्वी झाला, पण त्यात दोन्ही ॲम्प्लिफायर तंतोतंत जुळलेले राहावे लागत. व्हॉल्व्हची चाल जरा बदलली, की वजाबाकी फसे. देशभरच्या ॲम्प्लिफायरांपाशी तासातासाला जुळणी करायला माणूस कुठून आणणार?

आता त्याच्या हातातल्या वर्तमानपत्राकडे बघा. एक पान जवळपास कोरं आहे. ब्लॅक त्यावर एक आकृती काढतो, खाली समीकरणं मांडतो. तुम्ही वाकून पाहता. दुसरा ॲम्प्लिफायर गायब झालेला आहे. आउटपुटचा एक छोटा हिस्सा मागे वळवून, उलट दिशेने, इनपुटलाच जोडला आहे. हाच फीडबॅक. ॲम्प्लिफायरला आता मूळ सिग्नल आणि स्वतःचं आउटपुट यांच्यातला फरक दिसत राहील, आणि तो स्वतःच्या चुकीविरुद्ध सतत जोर लावील.

आकडे घालून पाहा. ॲम्प्लिफायर सिग्नल एक लाख पट वाढवतो आणि आउटपुटचा शंभरावा भाग मागे येतो, असं समजा. एकूण वाढ उरते जेमतेम शंभर पट. पण तेवढ्याच आउटपुटला पूर्वी विकृती ५ टक्के असेल, तर आता ती सुमारे ०.००५ टक्के. आणि ही शंभर पट वाढ व्हॉल्व्हवर जवळजवळ अवलंबूनच नाही. ती ठरते मागच्या वाटेवरच्या साध्या, स्थिर रेझिस्टरांवर. ज्या वाढीसाठी ॲम्प्लिफायर बांधला, तीच वाढ ब्लॅक मोठ्या मनाने उधळतो आणि बदल्यात अचूकपणा मिळवतो.

फेरी धक्क्याला लागते. ऑफिसात पोहोचताच सहकारी अर्ल ब्लेसिंग त्या पानावर साक्षीदार म्हणून सही करतो. २९ डिसेंबरला तुम्ही प्रयोगशाळेत हजर राहा: ४ ते ४५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात विकृती एक लाखांश झालेली आहे.

तरी घाई करू नका. वारंवारता वाढते तसा सिग्नल ॲम्प्लिफायरमधून फिरताना मागे पडत जातो. तो अर्ध्या आवर्तनाने मागे पडला, की वजाबाकीची बेरीज होते आणि तेव्हा ॲम्प्लिफायर आणि मागची वाट यांच्या पूर्ण फेऱ्यातली वाढ एकापेक्षा जास्त असेल तर ॲम्प्लिफायर स्वतःच किंचाळू लागतो. हा धोका आधीच ओळखायचा कसा, हे १९३२ मध्ये हॅरी नायक्विस्ट गणिताने दाखवतात. ब्लॅकच्या कल्पनेवरचा अविश्वास मात्र हळूहळूच विरतो. अमेरिकन पेटंट हाती यायला डिसेंबर १९३७ उजाडतो.

पुढचा मुक्काम १९४७, इंग्लंड. टेबलावर ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिक उघडं आहे आणि तुमच्या हातात तापलेली सोल्डरिंग आयर्न. डी. टी. एन. विल्यमसन यांचा ॲम्प्लिफायर तुम्ही घरी जोडता आहात: केटी६६ व्हॉल्व्हची जोडी, १५ वॉट, विकृती ०.१ टक्क्याच्या आसपास. विल्यमसन यांनी आउटपुट ट्रान्सफॉर्मरलाही फीडबॅकच्या फेऱ्यात घेतलं आहे, म्हणजे त्याचेही दोष दुरुस्त होतात. त्यासाठी ट्रान्सफॉर्मर फार काळजीपूर्वक गुंडाळावा लागतो. नाहीतर नायक्विस्टनी सांगितलेला धोका दारात उभाच. तबकडी लावा. व्हायोलिन आणि चेलो एकत्र वाजत असतानाही वेगवेगळे ऐकू येतात, कारण त्यांच्या स्वरांच्या मिश्रणातून उपजणारा गढूळपणा आता नगण्य आहे.

टेलिफोनसाठी लागलेला शोध असा संगीताच्या कामी आला. आजच्या मोबाइलमधला ॲम्प्लिफायरही तीच वजाबाकी करतो. फीडबॅकने आवाज निर्जीव होतो, असं कुणी म्हणालं तर मूळ हिशेब आठवा. आधी सर्किट जमेल तितकं सरळ आणि वेगवान बांधायचं, स्थैर्य तपासायचं, मगच फीडबॅक लावायचा. निर्दोष व्हॉल्व्ह किंवा ट्रान्झिस्टर अजून कुणी बनवलेला नाही. तरीही आपण जवळजवळ निर्दोष संगीत ऐकतो, याचं मोठं श्रेय हॅरॉल्ड ब्लॅकचं आहे. गायक आणि वादकांइतक्याच आदराने संगीतप्रेमींनी हे नाव घ्यायला हवं.