वाडा, चर्च आणि उठवलेले गाव

इंग्लंडच्या इतिहासाचा तास घेताना मी विद्यार्थ्यांना एका वाड्याची हकिकत सांगतो. डर्बीशायरमधला केडलस्टन हॉल. लॉर्ड कर्झन १८५९ साली इथे जन्मला आणि १८९९ साली व्हाइसरॉय म्हणून कलकत्त्याच्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये राहायला आला. ते गव्हर्नमेंट हाऊसही वेलस्लीने १७९९ ते १८०३ या काळात केडलस्टनच्याच धर्तीवर बांधून घेतलेले. पुस्तके हा योगायोग कौतुकाने नोंदवतात. मी पुढचे विचारतो : या वाड्याजवळचे गाव गेले कुठे?

गाव होते. कर्झन घराणे सातशेहून अधिक वर्षे तिथले जमीनदार. वाड्याला लागून ऑल सेंट्स हे गावचे चर्च. त्याचे एक दार बाराव्या शतकातले, बाकीचे बरेचसे बांधकाम तेराव्या शतकातले. कुळे जमीनदाराला खंड देत आणि पिकाचा दहावा हिस्सा चर्चला. १७५९ साली सर नॅथॅनिएल कर्झनने नवा वाडा बांधायला घेतला. रॉबर्ट ॲडम या नामांकित वास्तुशिल्पकाराने त्याला रूप दिले. वाड्याभोवती मोकळे उपवन हवे, म्हणून गाव उठवून दूर वसवले, रस्ताही वळवला. चर्च तेवढे जागेवर राहिले. गावाचे मेलेले तिथेच राहिले, जित्यांना जावे लागले.

चर्चमध्ये कर्झनांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची स्मारके आहेत. व्हाइसरॉयची पत्नी मेरी १९०६ साली वारली. तिच्यासाठी त्याने चर्चला खास दालन जोडले. १९२५ साली तोही तिथेच विसावला. भारतात १९०४ साली प्राचीन स्मारकांच्या जतनाचा कायदा करणारा हाच कर्झन. पण वाड्याची जी वर्णने मी वाचली, त्यांत खांबांची नि चित्रांची मोजदाद आहे. उठवलेल्या एकाही कुळाचे नाव मला आढळले नाही.

माझ्या घरातला पहिला पदवीधर मी. आजोबांनी गावच्या देवळासाठी दगड वाहिले, पण त्यांना पायरी चढता आली नाही. म्हणून केडलस्टनची कुळे मला जवळची वाटतात. तरीही दोन दुःखे एक करून चालणार नाही. त्या कुळांचे घर जमीनदाराने हलवले. त्यांचा स्पर्श विटाळ ठरवला नाही. चर्चमध्ये ती मागच्या बाकावर बसली असतील, पण आत बसली. गाव सोडून शहरात गेलेल्या मजुराच्या पाठीमागे त्याची जात गेली नाही. आमच्या मागे ती कॉलेजच्या स्टाफरूमपर्यंत आली आहे.

१९८७ पासून केडलस्टन नॅशनल ट्रस्टकडे आहे. तिकीट काढून कोणीही आत जातो. माझ्या विद्यार्थ्यांपैकी कोणी कधी तिथे गेलाच, तर त्याने वाडा जरूर पाहावा. मग वाड्याकडे पाठ करून त्या हिरवळीवरही थोडा वेळ उभे राहावे. तिथे चुली होत्या.