प्रतिकृती रेल्वेचा छंद आणि रेल्वे संचालनाचा इतिहास : एक साधनचिकित्सक विचार

प्रस्तावना

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली. तेव्हापासूनच्या भारतीय रेल्वेचा इतिहास प्रामुख्याने तीन अंगांनी लिहिला गेला आहे : वसाहतकालीन भांडवल व अर्थकारण, बांधकाम व तंत्रज्ञान आणि प्रवासी व कामगार यांचे सामाजिक जीवन. या तिन्ही मांडण्यांत एक साधा प्रश्न मात्र बहुधा मागे राहतो. रेल्वे रोज प्रत्यक्ष चालविली कशी जात होती? एकेरी मार्गावर समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांपैकी कोणती थांबेल, हे कोण आणि कशाच्या आधारे ठरवीत असे? इतिहासकारांनी क्वचितच विचारलेला हा प्रश्न प्रतिकृती रेल्वेचा छंद जोपासणाऱ्यांनी गेली अनेक दशके चिकाटीने विचारला आहे. या छंदातून निर्माण झालेले ज्ञान इतिहासाचे साधन म्हणून स्वीकारता येईल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खेळण्याकडून प्रतिकृतीकडे

१८९१ मध्ये जर्मनीतील मेर्क्लिन या कंपनीने लाइपझिगच्या जत्रेत निश्चित मापांच्या रुळांवर चालणारी खेळण्यातील रेल्वे मांडली. रूळ, डबे, स्थानके सुटी विकत घेऊन संच वाढवीत नेण्याची कल्पना येथे रुजली. इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्नबी यांच्या कंपनीने १९२० मध्ये चावीची आगगाडी आणि १९३८ मध्ये १६.५ मिलिमीटर रुळांवरील 'डब्लो' मालिका बाजारात आणली. दरम्यान १९१० मध्ये लंडनमध्ये 'मॉडेल रेल्वे क्लब' स्थापन झाला होता. प्रौढांनी या विषयाचा गंभीरपणे अभ्यास करण्याची परंपरा तेव्हापासूनची आहे.

या अभ्यासाची काटेकोरी एका वादावरून ध्यानात येते. ब्रिटिश 'डबल ओ' प्रमाणात गाड्या १ : ७६ आकाराच्या असतात, परंतु १६.५ मिलिमीटरचा रूळ त्या प्रमाणात मोजला तर प्रत्यक्षातील १४३५ मिलिमीटरऐवजी सुमारे १२५७ मिलिमीटरच भरतो. ही तफावत असह्य झालेल्या छांदिष्टांनी प्रथम १८ आणि पुढे १८.८३ मिलिमीटरची मापे स्वीकारली व त्यांसाठी चाके, सांधे स्वतः घडविले. बाहेरच्या माणसाला हे वेड वाटेल. तथापि पुराव्याशी प्रतिकृती ताडून पाहण्याची ही वृत्ती इतिहासाच्या अभ्यासकाला परकी नाही.

संचालनाचा शोध

गाडी हुबेहूब झाली तरी ती केवळ गोल गोल फिरत राहिली, तर ती रेल्वे होत नाही. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स येथील फ्रँक एलिसन यांनी १९४० च्या दशकात हा मुद्दा ठामपणे मांडला. त्यांनी रेल्वेची तुलना नाटकाशी केली. रूळ हा रंगमंच, गाड्या ही पात्रे आणि वेळापत्रक हे कथानक. गाडीला कोठून तरी निघून कोठे तरी जायचे असते, मालाचा डबा विशिष्ट गिरणीच्या साइडिंगवर लावायचा असतो; या हेतूशिवाय तिच्या हालचालीला अर्थ नाही.

या विचारातून वेळापत्रकानुसार संचालन करण्याची पद्धत रूढ झाली. प्रतिकृतीत दोन स्थानकांमधील अंतर काही पावलांचे असल्याने घड्याळही वेगाने फिरविले जाते. एक जण स्टेशनमास्तर, दुसरा चालक, तिसरा नियंत्रक होतो आणि घंटीच्या संकेतांनी पुढील स्थानकाची परवानगी घेतली जाते.

खुद्द रेल्वे कंपन्यांनीही या साधनाचे मोल ओळखले होते. लँकशायर अँड यॉर्कशायर रेल्वेने १९१२ मध्ये मँचेस्टर येथे सिग्नलमनच्या प्रशिक्षणासाठी एक मोठी प्रतिकृती उभारली होती. ती आता यॉर्क येथील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाकडे आहे. नियमपुस्तिका वाचून जे समजत नाही, ते सांधा चुकीचा फिरविल्यावर समजते, हा त्यामागील अनुभव होता.

महाराष्ट्राच्या संदर्भात

हीच दृष्टी आपल्या परिसराला लावून पाहता येते. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. १ : ३७ अशा तीव्र चढावर खंडाळ्याजवळ 'रिव्हर्सिंग स्टेशन' होते, तेथे गाडीची दिशा बदलून पुढील चढण चढावी लागे. एवढी माहिती कोणत्याही ग्रंथात मिळते. पण त्या स्थानकाची प्रतिकृती करू पाहणाऱ्याला लगेच पुढचे प्रश्न पडतात. इंजिन गाडीच्या दुसऱ्या टोकाला कोणत्या रुळावरून नेले जाई? तोवर मागून आलेली मालगाडी कोठे उभी राही? सांधे हलविणारी माणसे किती होती? प्रतिकृतीत मोघम विधानाला जागा नसते. रूळ एक तर असतो, किंवा नसतो.

एकेरी मार्गावरील टोकन पद्धती हे दुसरे उदाहरण. 'नील्स बॉल टोकन' यंत्रांत लगतच्या दोन स्थानकांवरील यंत्रे विजेने जोडलेली असत. एका यंत्रातून पोलादी गोळा बाहेर काढला की तो पुन्हा यंत्रात जाईपर्यंत दुसरा निघत नसे. तो गोळा कड्याच्या चामडी पिशवीतून चालकाकडे दिला जाई आणि तो हाती असल्याशिवाय त्या खंडात गाडी नेण्याचा अधिकार नसे. प्रवाशांच्या सुरक्षिततेची हमी त्या गोळ्यात साठविलेली होती. इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंगच्या प्रसाराबरोबर ही यंत्रे हटत गेली आहेत. १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वेची अरुंदमापी वाटही १९९२ नंतरच्या एकमापीकरणाच्या धोरणात रुंद झाली. यंत्र संग्रहालयात ठेवता येते. ते वापरणाऱ्या हातांची सवय मात्र निवृत्त माणसांबरोबर निघून जाते.

पुण्यात कोथरूड येथे १९९८ मध्ये सुरू झालेल्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयाने मराठी समाजाला या छंदाची ओळख करून दिली. भारतीय रेल्वेची प्रतिकृती करताना मापाचा प्रश्न येथेही उभा राहतो. आपला रुंदमापी मार्ग १६७६ मिलिमीटरचा आहे. १ : ८७ या प्रमाणात तो सुमारे १९ मिलिमीटर हवा, बाजारात मिळणारा रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचा, म्हणजे परदेशी मापाचा असतो.

साधन म्हणून मर्यादा

या साधनाची चिकित्साही आवश्यक आहे. छांदिष्टांचे प्रेम प्रामुख्याने इंजिनावर असते. रुळांची देखभाल करणारा गँगमन प्रतिकृतीत रंगविलेल्या बाहुलीएवढाच उरतो. मे १९७४ च्या देशव्यापी रेल्वे संपाला कोणत्याही लघुवेळापत्रकात स्थान नसते. प्रतिकृतीतील गाड्या बहुधा वेळेवर धावतात, त्यांना घाम येत नाही आणि त्यांच्या अपघातात कोणी मरत नाही. स्मरणरंजनाचा हा धोका मोठा आहे. म्हणून छांदिष्टांच्या नोंदी कामकाजी वेळापत्रके, नियमपुस्तिका, चौकशी अहवाल आणि कर्मचाऱ्यांच्या मुलाखती यांच्याशी ताडूनच वापरल्या पाहिजेत.

समारोप

प्रतिकृती हा पुरावा नव्हे. ती पुराव्याला प्रश्न विचारण्याची रीत आहे. तिचे खरे महत्त्व येथे आहे. भुसावळ, मनमाड, दौंड, कुर्डुवाडी, मिरज या रेल्वेने घडविलेल्या गावांत व त्यांच्या परिसरात आज महाविद्यालये आहेत, आणि टोकनचा गोळा हाताळलेली माणसेही तेथे आहेत. इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांकडून आपल्या स्थानकाचा जुना आराखडा काढून घ्यावा आणि तो समोर ठेवून या माणसांना बोलते करावे. 'नोकरीच्या आठवणी सांगा' असे म्हटल्यावर जे हाती लागत नाही, ते 'ही गाडी या रुळावर कशी घेत होता?' असे विचारल्यावर हाती लागण्याची शक्यता अधिक आहे. या कामाला वेळ मात्र थोडा उरला आहे.