शाळेतून एनबीएत, व्हाया सुप्रीम कोर्ट

बास्केटबॉलचा विषय निघाला की लेब्रॉन जेम्स २००३ मध्ये शाळेतून थेट एनबीएत गेला, हे कुणीतरी सांगतंच. कोबी ब्रायंट १९९६ मध्ये तसाच गेला, त्याच्या आदल्या वर्षी केव्हिन गार्नेट. पण हे दार आधी बंद होतं. ते ज्याने ढकललं, त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. आजचा एपिसोड त्याच्यावर. स्पेन्सर हेवुड.

जन्म १९४९, मिसिसिपी राज्यातलं सिल्व्हर सिटी. नावातच सिटी, बाकी सगळी कापसाची शेतं. वडील त्याच्या जन्माआधीच गेले. घरात दहा भावंडं. आई कापूस वेचायची आणि लहानपणी हाही वेचायचा. किशोरवयात तो उत्तरेला डेट्रॉइटला आला, तिथल्या पर्शिंग हायस्कूलमध्ये शिकला आणि १९६७ मध्ये त्या शाळेने मिशिगन राज्याचं अजिंक्यपद जिंकलं. पुढच्याच वर्षी मेक्सिको ऑलिंपिक. अमेरिकेने सुवर्णपदक मिळवलं, आणि संघात सगळ्यात जास्त गुण या १९ वर्षांच्या पोराचे!

आता पेच बघा. एनबीएचा नियम असा, की तुमची शाळेची बॅच बाहेर पडून चार वर्षं होईपर्यंत एकही संघ तुम्हाला घेणार नाही. कॉलेजला जा, नाहीतर घरी बसा. मुलांचं शिक्षण बुडू नये म्हणून, असं सांगायचे. ऐकायला छानच. पण त्या चार वर्षांत कॉलेजं याच मुलांच्या जिवावर तिकिटं विकायची, संघांना तयार खेळाडू आयता मिळायचा, आणि पोराला पगार शून्य. घरी आई राबतेय, त्याचं काय?

तेव्हा एबीए नावाची दुसरी लीग होती. तिने 'घरची परिस्थिती हलाखीची' म्हणून अपवाद केला आणि १९६९ मध्ये हेवुड डेन्व्हर रॉकेट्समध्ये गेला. पहिल्याच सीझनला सामन्यामागे सरासरी ३० गुण. सर्वोत्तम नवोदितही तोच आणि सर्वोत्तम खेळाडूही तोच. मग करार नीट वाचला गेला. कागदावर आकडा मोठा होता, पण त्यातला बराच पैसा कित्येक वर्षांनी मिळणार होता. (ऑफर लेटरमधला सीटीसी आणि बँकेत येणारी रक्कम यांतला फरक आपल्याला वेगळा सांगायला नको.)

१९७० च्या अखेरीस एनबीएच्या सिअॅटल सुपरसॉनिक्सने त्याला सहा वर्षांसाठी १५ लाख डॉलर देऊ केले. चार वर्षं पूर्ण व्हायला तेव्हा काही महिनेच बाकी होते. लीगने अडवलं, हेवुड कोर्टात गेला. केस चालू असताना परक्या मैदानांवर 'कोर्टवर बेकायदेशीर खेळाडू आहे' अशी घोषणा व्हायची, असं तो स्वतः सांगतो. वय २१!

मुद्दा समजायला सोपा आहे. एखादी कंपनी मला म्हणाली, डिग्री नसेल तर घेणार नाही, तर तो तिचा प्रश्न. मी दुसरीकडे जाईन. पण देशातल्या सगळ्या कंपन्यांनी एकत्र बसून ठरवलं, की बारावीनंतर चार वर्षं कुणालाच घ्यायचं नाही, मग माणसाने जायचं कुठे? हा झाला बहिष्कार. आणि अमेरिकेच्या स्पर्धा कायद्याला तो चालत नाही.

खालच्या कोर्टाने खेळू द्या म्हटलं, वरच्याने ते रोखलं, आणि १ मार्च १९७१ ला सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी परवानगी पुन्हा लागू केली. खेळाडूची उमेदीची वर्षं वाया गेली, कौशल्य गंजलं, तर ते नुकसान नंतर भरून निघत नाही, हा विचार त्यामागे होता. मला या सगळ्या प्रकरणात हाच भाग सगळ्यात पटतो. त्याच महिन्यात लॉस एंजेलिसच्या कोर्टाने तो नियमच बेकायदा ठरवला. मग लीगने तडजोड केली, पण त्यातही मेख होती. लवकर यायचंय? मग गरिबी सिद्ध करा. ही अट १९७६ मध्ये गेली.

तोवर वाट रुळायला लागली होती. १९७४ मध्ये व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्गचा मोझेस मलोन शाळेतून थेट एबीएत गेला. त्याची आई सुपरमार्केटमध्ये कामाला होती. पुढे एनबीएत तो तीनदा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मात्र सगळ्यांचं असं सोनं झालं नाही. १९९० नंतरच्या लाटेत शाळेतून आलेली काही मुलं मोजके सामने खेळून विस्मरणात गेली. २००५ मध्ये लीग आणि खेळाडूंच्या संघटनेने मिळून नवी अट घातली: वय १९ आणि शाळेनंतर एक वर्ष. संघटनेने मान्य केलेली अट कोर्टात पाडणं फार अवघड असतं.

२०१५ मध्ये याच अटीतून वाट काढत पंजाबच्या बल्लो के गावचा सतनाम सिंग कॉलेजात न खेळता, फ्लोरिडातल्या अकादमीतून थेट डॅलस मॅव्हरिक्सने निवडला. एनबीएने निवडलेला पहिला भारतीय! मुख्य लीगचा सामना मात्र त्याच्या वाट्याला आला नाही. त्याच वर्षी हेवुडला, वयाच्या ६६व्या वर्षी, हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली. लवकर प्रवेशाच्या या नियमाला आपलं नाव द्यावं, एवढंच तो मागत आलाय.