लॅपटॉप ‘टप्प’ का करतो? एका छोट्या आवाजाचा मोठा इतिहास

गाणं लावलं की ते सुरू व्हायच्या आधी लॅपटॉपमधून एक ‘टप्प’. गाणं संपलं, थोडा वेळ शांतता, आणि मग परत एक ‘टप्प’. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे ऐकलं असेल. डोक्यात पहिला विचार एकच येतो: स्पीकर गेला! पण अशी वेळ धरून येणारी ‘टप्प’ असेल, तर स्पीकर बहुधा ठणठणीत असतो. तो आवाज असतो बॅटरी वाचवण्यासाठी चालू-बंद होणाऱ्या एका स्विचचा. हा स्विच तिथे आला कसा, हे आज बघूया.

सुरुवात थेट १८७४ पासून. जर्मनीच्या वर्नर सीमेन्स यांनी चुंबकाच्या क्षेत्रात तारेची कॉइल हलवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. कॉइलमधून वीज गेली की कॉइल सरकते, एवढीच कल्पना. पण त्यातून माणसाचा आवाज मोठ्याने काढायचा तर अॅम्प्लिफायर हवा, आणि तो तेव्हा नव्हताच. पुढे अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणाऱ्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी १९२५ साली कॉइल आणि कागदी पडद्याच्या लाउडस्पीकरवर शोधनिबंध लिहिला. आज तुमच्या मांडीवरच्या लॅपटॉपमधला स्पीकर मुळात तोच आहे. फक्त चपटा झालाय.

आता ‘टप्प’ येते कुठून? गाणं वाजताना वीज लाटेसारखी वर-खाली होते आणि पडदा तिच्याबरोबर मागे-पुढे डुलतो. पण वीज शून्यावरून एकदम एका पातळीवर गेली, तर पडद्याला डुलायला वेळच मिळत नाही. तो झटकन ढकलला जातो. आपल्या कानाला तो धक्का ‘टप्प’ असा ऐकू येतो. अॅम्प्लिफायर सुरू होताना नेमकं हेच होतं. त्यातले कपॅसिटर भरायला आणि विजेची पातळी स्थिर व्हायला थोडा वेळ लागतो, आणि त्या गडबडीतला एखादा झटका स्पीकरपर्यंत पोचतो.

ही गोष्ट गणपतीच्या मंडपातल्या साऊंडवाल्याला कुठल्याही पुस्तकाशिवाय माहीत असते. तो आधी मिक्सर चालू करतो, अॅम्प्लिफायर सगळ्यात शेवटी. बंद करताना बरोबर उलट: अॅम्प्लिफायर आधी. क्रम चुकला की सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ‘धप्प’ होतो, आणि मोठ्या स्पीकरची कॉइल जायचीही भीती असते. लॅपटॉपमध्ये हा साऊंडवाला म्हणजे ड्रायव्हर, एक छोटासा प्रोग्रॅम. क्रम त्याने पाळायचा.

आता गंमत बघा. कॉम्प्युटरच्या सुरुवातीच्या काळात ‘टप्प’ ही अडचण नव्हतीच, उलट तेवढंच भांडवल होतं. १९७७ च्या ॲपल टू मध्ये प्रोग्रॅमने मेमरीतल्या एका ठरावीक पत्त्याला हात लावला, की स्पीकरचा पडदा एकदा हलायचा. टक्. बस्स, दुसरं काही नाही. मग प्रोग्रॅमर लोक ही टक्-टक् इतक्या वेगाने करायचे की त्यातून सूर निघायचा. १९८१ च्या आयबीएम पीसीतला स्पीकरही असाच, एक तर चालू नाही तर बंद.

१९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साऊंड ब्लास्टर कार्ड आणलं आणि पीसीवर खरा रेकॉर्ड केलेला आवाज घरोघरी पोचला. आवाजाचे आकडे मेमरीत तुकड्या-तुकड्याने भरून ठेवायचे आणि कार्डाने ते ओढून घ्यायचे, अशी पद्धत. आजही तत्त्व तेच आहे. त्या साठ्याला बफर म्हणतात. प्रोसेसर दुसऱ्या कामात अडकला आणि पुढचा तुकडा वेळेवर भरला नाही, तर बफर रिकामा पडतो आणि आवाजाची लाट मध्येच तुटते. हा झाला चरचर-तडतडीचा दुसरा प्रकार. इथे उडी विजेच्या स्विचमुळे नाही, आकड्यांमध्ये पडलेल्या खंडामुळे येते.

मग इंटेलने आधी एसी ९७ आणि २००४ मध्ये एचडी ऑडिओ हे मापदंड आणले. आवाजाचं काम मदरबोर्डवरच्या कोडेक नावाच्या एका छोट्या चिपकडे आलं. ती स्वस्त होती, सगळीकडे बसत होती, आणि तिला झोपवताही येत होतं. लॅपटॉपचा जमाना आल्यावर हे झोपवणं महत्त्वाचं ठरलं. २००७ साली इंटेलने लिनक्ससाठी पॉवरटॉप नावाचं साधन काढलं. बॅटरी कोण खातंय ते ते दाखवायचं, आणि ऑडिओ चिप झोपवा, असा सल्लाही द्यायचं.

पुढे २०१८ च्या फेडोरा २८ मध्ये लॅपटॉपची बॅटरी जास्त टिकावी म्हणून जे बदल केले, त्यात हे झोपवणं मुळातूनच चालू ठेवलं गेलं. आवाज थांबला की एका सेकंदात चिप झोपणार. वाचणार किती? साधारण ०.४ वॅट. ऐकायला किरकोळ वाटतं, पण लॅपटॉप नुसता बसलेला असताना एकूण काही वॅटच खातो. त्यात हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

पण चिप झोपताना आणि उठताना काही मशीन ‘टप्प’ करतात. लिनक्सच्या कागदपत्रांतही हे सरळ मान्य केलंय: काही कोडेकवर हलका क्लिक येईल आणि तो घालवणं बऱ्याचदा अवघड असतं. मला यातला पुढचा भाग सगळ्यात आवडतो. त्याच २०१८ मध्ये लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये एक यादी घातली गेली. ज्या मशीनवर हा आवाज त्रास देतो, तिथे चिप झोपवायचीच नाही. त्या यादीत ओळी वाढत गेल्या त्या वापरणाऱ्यांनी नीट लिहून पाठवलेल्या तक्रारींमुळे. म्हणजे ०.४ वॅट मोठे की माणसाचा कान, याचा निकाल एकेका मशीनपुरता लावला गेला, आणि तो लावायला तक्रार करणारा माणूस लागला.

महाग मशीन घेतलं की सुटलो, असंही नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये ॲपलचा १६ इंची मॅकबुक प्रो आला आणि गाणं थांबवल्यावर पॉप आवाज येतो अशा तक्रारी सुरू झाल्या. महिन्याभरातच कंपनीने आपल्या दुरुस्तीवाल्यांना कळवलं की दोष सॉफ्टवेअरचा आहे, मशीन दुरुस्तीला घेऊ नका.

ही शेवटची सूचना आपल्या कामाची आहे, कारण इथे आपल्या खिशाचा प्रश्न येतो. माझ्या मावसभावाला एका दुकानात सांगितलं गेलं की दोन्ही स्पीकर बदलावे लागतील. मी त्याला फोनवरून म्हटलं, ‘अरे, पैसे द्यायच्या आधी एक कर. एखादा व्हिडिओ म्यूट न करता लाव, फक्त त्या व्हिडिओचा स्वतःचा आवाज अगदी तळाला आण आणि तो चालू राहू दे. मग दुसरं गाणं लाव, थांबव, परत लाव.’ चिपला झोपायलाच मिळालं नाही आणि ‘टप्प’ गायब! लॅपटॉप तसाच घरी आला. ऑडिओची पॉवर सेव्हिंग बंद केल्यावर काम झालं.

तर मंडळी, दुकानात जाण्याआधी आवाजाची वेळ बघा. आवाज सुरू होताना आणि थांबल्यावर ‘टप्प’ येत असेल, तर आधी झोपणाऱ्या चिपवर संशय घ्या. वाजताना मध्येच तडतड येते आणि मोठं काम चालू असताना वाढते, तर बफर आणि ड्रायव्हर बघा. आवाज मोठा केल्यावर ठरावीक सुरालाच फरफर होते आणि हेडफोनमध्ये तेच गाणं स्वच्छ वाजतं, तर मात्र पडदा फाटला असेल किंवा कचरा अडकला असेल. स्पीकर बदलायचा विचार करायचा तो या तिसऱ्या वेळी.

आणि पहिल्या प्रकारातली ‘टप्प’ सापडली, तर मशीनचं पूर्ण मॉडेल नाव, आवाज नेमका कधी येतो आणि काय केल्यावर थांबतो, एवढं लिहून कंपनीला किंवा तुमची सिस्टिम बनवणाऱ्यांना नक्की पाठवा. त्या यादीतली पुढची ओळ तुमच्या मशीनची असू शकते, आणि तेच मॉडेल घेणाऱ्या पुढच्या माणसाचा दुकानाचा हेलपाटा वाचेल.