खापा परिसरातील मँगॅनीज : पदार्थातील बदलांचा एक ऐतिहासिक विचार

नागपूर जिल्ह्यात कन्हान नदीच्या काठी वसलेले खापा हे गाव विणकरांचे म्हणून जसे परिचित आहे, तसेच जवळच्या गुमगाव येथील मँगॅनीजच्या खाणीमुळेही. अशा खाणीचा इतिहास लिहिताना भौतिक व रासायनिक बदल हा रसायनशास्त्रातील प्राथमिक भेद किती उपयोगी पडतो, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भौतिक बदलात पदार्थाचा आकार वा अवस्था पालटते. पदार्थ तोच राहतो. रासायनिक बदलात निराळ्या गुणधर्मांचा नवा पदार्थ जन्मास येतो. ह्या कसोटीवर खाणीवरील कामे पारखून पाहावी. दगड फोडणे, हातांनी निवडणे, चाळणे, धुणे ही सर्व भौतिक कामे होत. ब्राउनाइट हे मँगॅनीजचे खनिज पाण्याच्या सुमारे पावणेपाच पट जड, तर गारेचा दगड अडीच पटींहून थोडा अधिक जड. म्हणून पाण्यात घुसळताच दोन्ही वेगळी होतात.

येथे एका गैरसमजाबद्दल सावध राहिले पाहिजे. धुतल्यानंतर ढिगातील मँगॅनीजचे शेकडा प्रमाण वाढते. परंतु त्यावरून रासायनिक बदल झाला असे ठरत नाही. कारण ब्राउनाइटचा प्रत्येक कण पूर्वीचाच असतो, केवळ सोबतची गार निघून गेलेली असते. खरा रासायनिक बदल भट्टीत होतो. तेथे कार्बन धातुकातील ऑक्सिजन हिरावून घेतो आणि लोखंडासह फेरोमँगॅनीज तयार होते. हे मिश्रण पोलादातील ऑक्सिजन व गंधक ह्यांचा उपद्रव दूर करते. बेसेमरच्या १८५६ मधील शोधानंतर पोलादाचे उत्पादन वाढले व मँगॅनीजला जगभर मागणी आली, ती ह्याच कारणाने.

मध्य प्रांतात १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट स्थापन झाले. १९०९ मध्ये भूशास्त्रज्ञ फर्मर ह्यांनी भारतातील मँगॅनीजवरील बृहद्ग्रंथ सिद्ध केला व येथील एका खडकाला गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. नाव येथले राहिले; माल मात्र बहुतांशी कच्चाच परदेशी गेला. १९३३ मध्ये खुले झालेले विशाखापट्टणम बंदर ह्या निर्यातीचे एक मोठे द्वार ठरले. म्हणजे फोडण्या-निवडण्याचे श्रम येथे आणि पदार्थाचे रूपांतर समुद्रापलीकडे, अशी विभागणी झाली. भौतिक व रासायनिक बदलांमधील रेषा हीच बव्हंशी मजुरी आणि नफा ह्यांमधील रेषा होती.

हा सारा केवळ राज्यकर्त्यांच्या हेतूचा परिणाम होता, असे म्हणणे मात्र एकांगी ठरेल. भट्टीस चांगला कोक लागतो आणि त्याचा कोळसा दूर झरियाच्या बाजूस होता. स्वातंत्र्यानंतर कन्हान व तुमसर येथे फेरोमँगॅनीजचे कारखाने निघाले. १९६२ मध्ये खाणींच्या मालकीत शासनाने ५१ टक्के वाटा घेतला आणि १९७७ मध्ये संपूर्ण मालकी शासनाकडे आली. तथापि मालकीचा बदल आणि पदार्थाचा बदल ह्या भिन्न गोष्टी आहेत. खनिज कोणाचे, ह्या प्रश्नाइतकाच ते कोठे पालटते, हा प्रश्नही इतिहासकाराने विचारला पाहिजे.